बदकाची शेपटी : वारा, उष्णता आणि पोर्शे ९११

१/
५ ऑगस्ट १९७२ रोजी जर्मन पेटंट कार्यालयात पोर्शे कंपनीचा एक अर्ज दाखल झाला. क्रमांक २२३८७०४. अर्जात नवे इंजिन नव्हते, नवा गिअरबॉक्सही नव्हता. गाडीच्या मागच्या झाकणावर बसवायचा, वर वळलेला एक छोटासा ओठ एवढाच त्याचा विषय होता. जर्मन लोकांनी या ओठाला पुढे ‘एन्टेनब्युर्त्सेल’, म्हणजे बदकाची शेपटी, असे नाव दिले. काही सेंटीमीटर उंचीच्या या तुकड्याने एकाच वेळी गाडी रस्त्याला धरून ठेवली आणि इंजिनाला थंड हवाही पुरवली. ते कसे घडले, त्याचा हा थ्रेड.

२/
आधी गाडीची ओळख. पोर्शे ९११ प्रथम लोकांसमोर आली ती १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात. तिचे सहा सिलिंडरचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे बसवलेले होते आणि ते पाण्याने नव्हे, हवेने थंड होत असे. छत मागे उतरत जाणाऱ्या एका सलग वळणाने बंपरला मिळत असे. हे वळण म्हणजे ९११ चे सौंदर्य. तिची सर्वांत मोठी अडचणही त्याच वळणात दडलेली होती.

३/
मागे एवढे वजन असल्यामुळे वळणावर चालकाने अचानक ॲक्सिलरेटर सोडला, तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाई. साठच्या दशकात पोर्शेने यावर केलेला एक उपाय आज वाचताना गंमत वाटते : पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी ११ किलोचे बिडाचे तुकडे बसवण्यात आले. हलकी गाडी बनवण्याचा ज्यांना अभिमान, त्यांनीच गाडीला बिडाची वजने बांधली! पुढे १९६९ च्या मॉडेलसाठी दोन्ही आसांमधले अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले गेले. त्यामुळे गाडी बरीच सुधारली. पण वेग वाढत गेला तसा दुसरा शत्रू समोर आला, आणि त्याच्यावर बिडाची मात्रा चालणारी नव्हती.

४/
हा शत्रू म्हणजे ‘उचल’. वादळात घरावरचे पत्रे उडतात, तेव्हा वारा त्यांना फक्त खालून ढकलतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पत्र्यावरून वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, पत्र्याखालच्या हवेचा दाब तुलनेने जास्त राहतो आणि पत्रा वर ओढला जातो. ९११ च्या गोलाकार पाठीवर हेच घडत असे. छतावरून आलेली हवा त्या वळणाला चिकटून खाली उतरे, वेग घेई आणि मागच्या चाकांवरचा भार हलका करी. ताशी ५० किमी वेगाला ही उचल नगण्य असते. पण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : वेग दुप्पट, तर उचल चौपट. ताशी २०० किमीला ती ५० च्या सोळापट झालेली असते.

५/
मग अभियंत्यांना हे आधी का दिसले नाही? कारण युद्धपूर्व काळापासून मोटारींच्या वायुगतिशास्त्राचे लक्ष प्रामुख्याने ‘रोध’ कमी करण्यावर होते. हवेला कापत जायचे, कमी शक्तीत अधिक वेग गाठायचा, हे ध्येय. स्टुटगार्टमध्ये वुनिबाल्ड काम या प्राध्यापकाने १९३० च्या दशकात याच दिशेने मोलाचे संशोधन केले. पाण्याच्या थेंबासारखी लांबलचक निमुळती शेपटी मध्येच सरळ कापली, तरी रोध फारसा वाढत नाही, हे त्याच्या नावाने प्रसिद्ध झालेले तत्त्व. मात्र हवा गाडीला वरही उचलते, हा मुद्दा शर्यतींचे वेग खूप वाढेपर्यंत मागेच राहिला. तो पुढे आला तेव्हा त्याची किंमत माणसांनी मोजली.

६/
१९६९. पोर्शेने शर्यतींसाठी ९१७ ही गाडी तयार केली. नियमानुसार २५ गाड्या बांधणे बंधनकारक होते आणि एप्रिल महिन्यात त्या सगळ्या कारखान्याच्या आवारात रांगेने उभ्या करून परीक्षकांना दाखवण्यात आल्या. साडेचार लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन, त्याच्या डोक्यावर आडवा फिरणारा भलामोठा पंखा, आणि रोध कमी राहावा म्हणून लांब, निमुळती शेपटी. सरळ रस्त्यावर ही गाडी भयंकर वेगवान होती, पण त्याच सरळ रस्त्यावर ती एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे भरकटत असे. मुरलेले चालकही तिला भीत. त्याच वर्षी जूनमध्ये ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत, पहिल्याच फेरीत, ९१७ चालवणारा ब्रिटिश चालक जॉन वुल्फ अपघातात मरण पावला.

७/
ऑक्टोबर १९६९ मध्ये ऑस्ट्रियातील त्सेल्टवेग इथल्या नव्या ट्रॅकवर ९१७ च्या चाचण्या सुरू झाल्या. जॉन वायर यांचा ब्रिटिश संघ पुढच्या हंगामात या गाड्या चालवणार होता. दोष चाकांचा की सस्पेन्शनचा, यावर खल चालू होता. तेव्हा वायर यांच्या संघाचे अभियंते जॉन हॉर्समन यांचे लक्ष एका क्षुल्लक गोष्टीकडे गेले. गाडीच्या पुढच्या भागावर चिलटांचा सडा पडलेला होता, पण मागचे स्पॉइलर मात्र जवळजवळ स्वच्छ होते. चिलटे हवेबरोबर वाहतात. ती स्पॉइलरवर चिकटलेली नाहीत, म्हणजे हवा तिथवर पोहोचतच नाही. ज्या तुकड्यांनी गाडी खाली दाबून धरायची, ते वाऱ्याच्या वाटेतच नव्हते!

८/
त्यानंतर ॲल्युमिनियमचे पत्रे, कात्री, रिबिट आणि चिकटपट्टी घेऊन ट्रॅकच्या कडेलाच काम सुरू झाले. लांब उतरती शेपटी झाकली गेली आणि तिच्या जागी वर चढत जाणारी आखूड पाठ आली. दिसायला ओबडधोबड, पण आता हवा तिच्यावरून जात होती. पुढच्या फेऱ्यांत चालकांना पहिल्यांदाच गाडीवर भरवसा वाटला आणि फेरीचा वेळही घटला. यातूनच आखूड शेपटीची ९१७ के जन्मली. जून १९७० मध्ये हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवुड यांनी याच प्रकारच्या गाडीतून पोर्शेला ल मान्सचे पहिले सर्वंकष विजेतेपद मिळवून दिले. इंजिनाच्या शक्तीमुळे न सुटलेला प्रश्न पत्र्याच्या आकाराने सोडवला होता.

९/
पण इतिहासात नियमपुस्तिकेलाही पात्राचे स्थान असते. १९७२ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत इंजिनाची मर्यादा ३ लिटरवर आली आणि ९१७ त्या स्पर्धेतून बाद झाली. पोर्शेचे तांत्रिक नेतृत्व याच सुमारास एर्न्स्ट फूरमान यांच्याकडे आले. पन्नासच्या दशकात पोर्शेचे गाजलेले चार कॅमशाफ्टचे इंजिन घडवणारे हे अभियंते. महागड्या खास शर्यती गाडीऐवजी रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या ९११ लाच शर्यतीत उतरवायचे, ही दिशा त्यांच्या काळात पक्की झाली. मात्र ट्रॅकवर बीएमडब्ल्यू आणि फोर्डच्या गाड्या ९११ ला भारी पडू लागल्या होत्या. वेगात मागची बाजू हलकी होते, हे दुखणे अजून तसेच होते.

१०/
इथे एक बारकावा आहे. १९७२ च्या ९११ एस मॉडेलला पुढच्या बंपरखाली एक छोटा स्पॉइलर आधीच मिळाला होता. गाडीच्या पोटाखाली जाणारी हवा तो अडवी, त्यामुळे पुढची उचल बरीच कमी झाली. पण पुढची चाके घट्ट झाली आणि मागची तशीच हलकी राहिली, तर गाडी अधिकच मागून घसरते. तराजूच्या एका पारड्यात वजन टाकले की दुसऱ्यात टाकणे भागच असते. पुढचा स्पॉइलर बसवला गेला, त्याच क्षणी मागच्या स्पॉइलरची गरज अधिक तीव्र झाली.

११/
हे काम ज्यांच्याकडे आले, त्यांत टिलमान ब्रॉडबेक हे तरुण अभियंते होते. फियाट ८५० कूपेच्या नव्या आवृत्तीत मागच्या कडेला केलेला किंचितसा उठाव आणि त्यामुळे सुधारलेला वेग त्यांच्या स्मरणात होता. हेरमान बुर्स्ट हे अभियंते आणि रोल्फ वीनर हे डिझायनर त्यांच्यासोबत होते. विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात, ९११ उभी केली गेली. मागच्या झाकणावर वेल्डिंगच्या तारा आणि पातळ पत्रा यांचा एक तात्पुरता ओठ बसवण्यात आला. कड थोडी वाढवायची, वारा सोडायचा, आकडे टिपायचे, पुन्हा थोडी वाढवायची. कागदावरच्या आराखड्याआधी हाताने वाकवलेल्या पत्र्याने उत्तर दिले.

१२/
उत्तर अपेक्षेपेक्षा चांगले निघाले. कमाल वेगाच्या आसपास मागच्या चाकांवरची उचल आधीच्या एक तृतीयांशाहूनही कमी झाली. हवेच्या वाटेत अडथळा घातला तर रोध वाढणार, हा सर्वसाधारण समज. इथे एका ठरावीक उंचीपर्यंत तो उलट किंचित घटला. छताच्या वळणाला चिकटून खालपर्यंत ओढली जाणारी हवा आता त्या कडेपाशी स्वच्छ सुटत होती आणि गाडीमागचा भोवरा लहान होत होता. कमाल वेग सुमारे साडेचार किमीने वाढला, असे पोर्शेची नोंद सांगते. उंची त्याहून वाढवली असती तर हा लाभ हातचा गेला असता. योग्य जागी थांबणे हाही या शोधाचा भाग होता.

१३/
आता उष्णतेकडे येऊ. ९११ च्या इंजिनाला हवा पुरवणारा पंखा मागच्या झाकणातल्या जाळीतून हवा ओढतो. पण ही जाळी कुठे होती? नेमकी त्या उतरत्या पाठीवर, जिथे वेगात हवेचा दाब कमी होतो. म्हणजे जितका वेग जास्त, तितकी पंख्याला हवा ओढणे अवघड. बाहेरून वाहणारा वाराच जणू जाळीतली हवा चोखून घेऊ पाहत असे. आणि इंजिनाला सर्वाधिक थंडाव्याची गरज तर त्याच क्षणी असे!

१४/
बदकाच्या शेपटीने हे गणित पालटले. वर वळलेल्या कडेला हवा अडते, तिचा वेग मंदावतो आणि कडेच्या अलीकडे, म्हणजे नेमका जाळीच्या परिसरात, दाब वाढतो. तोच वाढलेला दाब झाकणाला खाली रेटतो आणि मागच्या चाकांवर भार देतो. तोच दाब हवेला जाळीतून आत ढकलून पंख्याचे ओझे हलके करतो. म्हणूनच पेटंटच्या अर्जात चाकांवरचा भार, घटलेला रोध आणि स्थैर्य यांच्या जोडीला इंजिनकक्षाचे सुधारलेले वायुवीजनही नोंदवलेले आहे. गाडीच्या मागच्या भागावर धूळ-चिखल कमी बसतो, हासुद्धा त्या यादीतला एक फायदा! पकड आणि थंडावा हे दोन स्वतंत्र विभाग मानणाऱ्यांसाठी हा अर्ज आजही वाचण्याजोगा आहे.

१५/
ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ही गाडी प्रकट झाली : ९११ कॅरेरा आरएस २.७. इंजिन २,६८७ घनसेंटीमीटर, शक्ती २१० अश्वशक्ती, हलक्या ‘स्पोर्ट’ आवृत्तीचे वजन अवघे ९६० किलो, कमाल वेग ताशी २४५ किमी. पातळ पत्रा, पातळ काच, आणि पोर्शेच्या रस्त्यावरच्या गाडीत प्रथमच पुढच्यापेक्षा रुंद मागची चाके. शर्यतीची मान्यता मिळवायला ५०० गाड्या विकणे आवश्यक होते आणि एवढ्या गाड्या घेणार कोण, अशी विक्री विभागाला धास्ती होती. प्रत्यक्षात नोव्हेंबर संपेपर्यंत ५०० गाड्यांची विक्री झालेली होती. अखेरीस एकूण १,५८० गाड्या बनल्या.

१६/
प्रतिस्पर्धीही स्वस्थ बसले नव्हते. बीएमडब्ल्यूने १९७३ मध्ये आपल्या ३.० सीएसएलसाठी मोठमोठे पंख तयार केले. पण जर्मन रस्त्यांवर असे पंख लावायला कायद्याची परवानगी नव्हती. त्यावर तोड म्हणून ते पंख गाडीच्या डिकीत सुटे ठेवून ग्राहकाला दिले जात. नियमांची अक्षरशः पूर्तता झाली आणि शर्यतीची मान्यताही मिळाली. त्या काळातील शर्यतींच्या नियमांनी रस्त्यावरच्या गाड्यांचे रूप कसे घडवले, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१७/
कॅरेराची शर्यतीसाठीची भावंडे म्हणजे आरएसआर. तिच्या विकासाची धुरा नॉर्बर्ट सिंगर या अभियंत्यांकडे होती. त्यांच्या पोर्शेतील कारकिर्दीची सुरुवात ९१७ च्या गिअरबॉक्सला थंड ठेवण्याच्या कामाने झाली होती, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे. ९११ ‘हवेने थंड होणारी’ म्हणवली जात असली, तरी तिची बरीच उष्णता तेलच वाहून नेते. शर्यतीत ते तेल थंड ठेवायला आरएसआरच्या पुढच्या स्पॉइलरच्या मधोमध आयताकृती तोंड ठेवून आत ऑइल कूलर बसवला गेला. पोटाखालची हवा अडवणारा तुकडाच आता कूलरला हवा पाजू लागला. मागे जी युक्ती, तीच पुढे.

१८/
निकाल लगेच दिसले. फेब्रुवारी १९७३ मध्ये पीटर ग्रेग आणि हर्ली हेवुड यांनी आरएसआरमधून डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकली. मे महिन्यात सिसिलीच्या डोंगराळ रस्त्यांवरील टार्गा फ्लोरिओत हर्बर्ट म्युलर आणि गायस व्हान लेनेप यांनी खास बनावटीच्या शर्यती गाड्यांना मागे टाकत विजय मिळवला. त्याच वर्षी ल मान्सला या जोडीची आरएसआर चौथी आली. तिथे मागच्या दोन्ही मडगार्डांपर्यंत पसरलेली रुंद शेपटी वापरली होती. तिला नाव पडले ‘मेरी स्टुअर्ट’, स्कॉटलंडच्या राणीच्या उभट कॉलरवरून! वायुगतिशास्त्राच्या परिभाषेत सोळाव्या शतकातील एक राणी अशी येऊन बसली.

१९/
पुढची वंशावळ झपाट्याने पाहू. १९७४ पासून शेपटी रुंद, सपाट आणि रबरी कडेची झाली आणि तिला ‘व्हेल टेल’ म्हटले जाऊ लागले. १९७८ मॉडेलच्या ९११ टर्बो ३.३ मध्ये इंटरकूलर आला. टर्बोने दाबलेली हवा तापते, तिला सिलिंडरमध्ये जाण्यापूर्वी थंड करणारे हे उपकरण. त्याला जागा कुठे मिळाली? मागच्या स्पॉइलरच्या पोटात. म्हणून त्या शेपटीच्या कडा उंचावल्या आणि चहाच्या ट्रेसारखा तिचा नवा आकार घडला. १९८८ च्या अखेरीस आलेल्या ९६४ पिढीत शेपटी झाकणातच लपली. ताशी सुमारे ८० किमी ओलांडताच ती आपोआप वर येई, पकड देई आणि इंजिनाकडे जाणारी हवाही वाढवी.

२०/
१९९७ मध्ये आलेल्या ९९६ पिढीने हवेच्या जागी पाणी आणले आणि रेडिएटर गाडीच्या पुढच्या भागात गेले. प्रश्न मात्र जुनाच राहिला. रेडिएटरमध्ये हवा आत घेणे सोपे असते, तापलेली हवा बाहेर कुठे सोडायची, ही खरी अडचण. ती गाडीखाली सोडली तर तिथला दाब वाढून पुढची चाके हलकी होऊ शकतात. २००६ च्या ९९७ जीटी३ मध्ये बॉनेटच्या अगदी अलीकडे एक अरुंद फट ठेवली गेली. मधल्या रेडिएटरची गरम हवा त्या फटीतून वर निघून जाते आणि पुढचा भाग रस्त्याला अधिक धरून राहतो. दुरून पाहणाऱ्याला ती फट बहुधा दिसतही नाही.

२१/
आज बाजारात कोणत्याही गाडीला लावता येतील असे पंख, स्पॉइलर, झरोके सहज मिळतात. हा इतिहास त्यांच्याकडे पाहण्यासाठी तीन प्रश्न हाती देतो. हवा खरोखर त्या तुकड्यापर्यंत पोहोचते का? ९१७ च्या स्वच्छ स्पॉइलरने हा प्रश्न शिकवला. पुढच्या आणि मागच्या चाकांचा तोल राखला जातो का? पुढे स्पॉइलर मिळालेल्या ९११ ने तो शिकवला. आत घेतलेल्या हवेला बाहेर पडायची वाट आहे का? तो जीटी३ च्या त्या फटीने. या तिन्हींची उत्तरे न तपासता लावलेला पंख कमी वेगात निव्वळ शोभेचा ठरतो, आणि जास्त वेगात तो तोल बिघडवून जिवावर बेतू शकतो.

२२/
यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा अश्वशक्तीचे आकडे मोजतो. ते मोजायला सोपे आणि मिरवायलाही सोपे. पण १९६९ ते १९७३ या चार वर्षांत पोर्शेच्या गाड्यांना चालकांच्या भरवशाचे बनवले ते कापलेल्या पत्र्यांनी, वाकवलेल्या तारांनी आणि चिलटांचे डाग बारकाईने पाहणाऱ्या डोळ्यांनी. बिडाची वजने बांधून जे पूर्ण साधले नाही, ते वाऱ्याला किंचित वेगळी वाट दाखवल्यावर साधले. वारा त्या गाड्यांवरून आधीही वाहतच होता. तो कुठून येतो आणि कुठे जातो, हे कोणीतरी थांबून पाहण्याचीच काय ती खोटी होती.

थ्रेड समाप्त.